बलकातली शिदोरी

बालदोस्तांनो,

आज तुम्हाला एका चुकीची गोष्ट सांगायची आहे. चूक कुणाची? बाईंची! म्हणजे माझीच. (आता कसे डोळे चमकले बघा! बाई चुकल्या म्हटलं की आमच्या वर्गातही असंच होतं.) पण ही चूक डस्टरनं पुसून टाकण्यासारखी नव्हती. तिची किंमत नऊ पिलांनी मोजली. म्हणून ती नीट सांगते. तुम्हीही नीट ऐका.

आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचं नाव छापलं तर तो लाजेल, म्हणून आपण त्याला 'पिल्लूवाला' म्हणू. एका सकाळी प्रार्थना संपल्यावर तो धापा टाकत आला. उशीर का झाला, असं विचारायच्या आतच ओरडला, "बाई, आमच्या कोंबडीची पिलं निघाली! तेरातली अकरा!"

मग काय! गणिताची वही कुणाच्या हातात राहणार? त्याचं घर शाळेच्या मागेच. मधल्या सुट्टीत अख्खी चौथी पडवीत हजर झाली.

कोपऱ्यात भुसा घातलेली टोपली होती. त्यात त्यांची तांबडी कोंबडी पंख फुगवून बसली होती. एकवीस दिवस ती तिथंच खुडूक बसली होती. दाणापाण्यापुरती उठायची, की पुन्हा अंड्यांवर. आता तिच्या पंखांखालून इवल्या इवल्या चोची बाहेर डोकावत होत्या.

"आजी, पिलं जेवली का?" एका मुलीनं विचारलं.

पिल्लूवाल्याची आजी हसली. म्हणाली, "दोन दिस काय लागत नाय त्येंला. पोटातच घिऊन येत्यात समदं."

मुलं माझ्याकडे बघायला लागली. पोटात घेऊन येतात? जन्मायच्या आधी कोण जेवायला वाढतं?

आजी शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही तोच धडा घेतला.

डबा कुणी भरला?

अंडं फोडलं की बाहेर पांढरं आणि आत पिवळं, एवढं तुम्हाला माहीत आहे. पिवळा भाग म्हणजे बलक. आता सांगा, पिल्लू कशाचं होतं? आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी सांगितलं, "बलकाचं!" चूक. बलकावर एक बारीकसा पांढुरका ठिपका असतो. पिल्लाची सुरुवात त्या ठिपक्यातून होते. बलक म्हणजे त्याचा जेवणाचा डबा.

साध्या अंड्यात साधारण एक तृतीयांश वजन बलकाचं असतं. त्यात स्निग्ध पदार्थ, प्रथिनं, जीवनसत्त्वं, लोह असं सगळं भरलेलं असतं. पिल्लू वाढतं तसा डबा रिकामा होत जातो. अंडं फुटायला दोनेक दिवस उरले, की उरलेला बलक पिल्लू बेंबीतून पोटात ओढून घेतं. म्हणून तर बाहेर आल्यावर पहिले दोन दिवस त्याला दाणे मिळाले नाहीत तरी चालून जातं. अंडी उबवण्याच्या केंद्रातून एका दिवसाची पिलं खोक्यांत भरून लांब गावी पाठवता येतात, ती याच्याच जोरावर.

पण दोस्तांनो, कोंबडी या डब्यात नुसतं जेवण भरत नाही. आणखी एक चीज भरते. ती डोळ्यांना दिसत नाही.

कोंबडीला आयुष्यात कितीतरी रोगजंतू भेटतात. एखाद्या रोगातून ती वाचली, की तिच्या रक्तात त्या जंतूला ओळखून पकडणारे कण तयार झालेले असतात. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. गंमत अशी, की एका जातीच्या जंतूला एकाच जातीची प्रतिपिंडं चालतात. आजीच्या कडीचं कुलूप शाळेच्या किल्लीनं उघडतं का? तसंच हे. अंडं पोटात तयार होत असताना कोंबडी आपल्या रक्तातली ही प्रतिपिंडं बलकात उतरवते. एका बलकात ती साधारण १०० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकी असतात. ऐकायला थोडी वाटतात, पण मूठभर पिल्लाला ती पुष्कळ झाली.

हे कुणाला कळलं? फेलिक्स क्लेम्पेरर नावाच्या जर्मन डॉक्टरांना. १८९३ साली त्यांनी कोंबड्यांच्या शरीराला धनुर्वाताच्या विषाशी लढायला शिकवलं. मग त्यांच्या अंड्यांतला बलक उंदरांना दिला. त्या उंदरांना धनुर्वातापासून संरक्षण मिळालं! म्हणजे कोंबडीची ढाल बलकात उतरली होती, हे सिद्ध झालं. पुढे १९६९ साली या प्रतिपिंडांना 'आय-जी-वाय' असं नाव मिळालं. शेवटचा 'वाय' हा 'योक'मधला. इंग्रजीत बलकाला योक म्हणतात ना, त्यातला.

आणि पांढरा भागही काही रिकामा बसत नाही बरं का. त्यात लायसोझाइम नावाचा पदार्थ असतो. तो काही जंतूंचं कवच फोडून टाकतो. आपल्या अश्रूंतही तो असतो. पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच १९२२ साली तो जगापुढे आणला.

हे सगळं सांगताना मला भारी उत्साह आला होता. मुलंही कान टवकारून ऐकत होती. शेवटी मी म्हणाले, "म्हणजे बघा, आई किती हुशार! पिलांचं औषध तिनं आधीच बलकात भरून ठेवलंय."

घंटा झाली. तास संपला. मी धडाही तिथंच संपवला.

आणि इथंच चुकले.

अर्ध्या धड्याचा निकाल

पाच-सहा दिवसांनी गावात जनावरांचे डॉक्टर आले. त्यांच्याजवळ बर्फाच्या डब्यात लशीची बाटली होती. कोंबड्यांच्या मानमोडी रोगावरची लस. पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकायचा, झालं काम. आजीनं पिलं डालग्याखाली झाकून ठेवली होती. ती आता डालगं उचलणार, तेवढ्यात आमचा पिल्लूवाला म्हणाला, "आज्जे, नको! आमच्या बाईंनी सांगितलंय. कोंबडीनंच औषध दिलेलं असतंय बलकातनं."

आजी थांबली. "शाळंतल्या बाई सांगत्यात म्हंजी खरंच असंल," म्हणाली. डॉक्टर पुढच्या घरी गेले.

पिलं झपाट्यानं वाढली. पंखांना पिसं फुटली. एक महिना झाला. पाचव्या आठवड्यात शेजारच्या वाडीत मानमोडी आली आणि मग आमच्या गावातही शिरली.

ही मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. राणीखेत हे उत्तराखंडातल्या कुमाऊँ भागातलं डोंगरावरचं गाव. १९२० च्या दशकात भारतात हा रोग तिथं ओळखला गेला, म्हणून आपल्याकडे तेच नाव पडलं. इंग्लंडमध्ये १९२६ साली तो न्यूकॅसल या शहराजवळ आढळला, म्हणून बाकीच्या जगात त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात. बिचाऱ्या दोन्ही गावांचा काही दोष नाही! हा रोग विषाणूमुळे होतो. कोंबडी धापा टाकते, हिरवट हगते, पाय लुळे पडतात, मान पिळवटते. मान मोडल्यासारखी दिसते, म्हणून मानमोडी. एकदा झाला की त्यावर औषध नाही. आधी लस देणं एवढंच हातात असतं.

चार दिवसांत अकरातली नऊ पिलं गेली.

पिल्लूवाला शाळेत आला तो गप्पच. रोज पहिल्या रांगेत बसणारा मुलगा शेवटच्या भिंतीला टेकून बसला. मी जवळ गेले. त्यानं मान वर केली नाही. हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही तर म्हणाला होता, कोंबडीनं औषध दिलंय."

दोस्तांनो, शिक्षिका झाल्यापासून मी कितीतरी प्रश्न ऐकले. एवढा जड प्रश्न कुणी विचारला नव्हता.

संध्याकाळी मी आजीकडे गेले. म्हटलं, "आजी, चूक माझी झाली. मी पोरांना अर्धंच सांगितलं." त्यांनी मला पाट दिला, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "बाई, तुमी मुद्दाम थोडंच केलं? पर आता पुरं सांगा पोरास्नी."

पुरं सांगायचं तर आधी मला पुरं कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या डॉक्टरांना गाठलं.

शिदोरी किती दिवस पुरते?

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मलाच प्रश्न केला, "बाई, प्रवासाला निघालेल्याला आपण शिदोरी देतो. ती किती दिवस पुरते?"

"एक-दोन दिवस."

"मग पुढे?"

"पुढे ज्यानं त्यानं रांधून खायचं."

"तेच बलकातल्या प्रतिपिंडांचं!" डॉक्टर म्हणाले. "कोंबडीनं ती दिली हे खरं. पण पिल्लाला ती स्वतः बनवता येत नव्हती, आयती मिळाली होती. आयती मिळालेली वस्तू खर्चली की संपते."

राणीखेतच्या बाबतीत हा खर्च किती वेगानं होतो, तेही त्यांनी सांगितलं. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं साधारण दर साडेचार दिवसांनी निम्मी होतात. मी वर्गात आले आणि गणिताचा तास तिथूनच सुरू केला. तुम्हीही वही घ्या.

समजा, पिल्लू जन्मलं तेव्हा त्याच्याजवळ प्रतिपिंडांचे ६४ भाग होते. साडेचार दिवसांनी उरले ३२. नऊ दिवसांनी १६. साडेतेरा दिवसांनी ८. अठरा दिवसांनी ४. साडेबावीस दिवसांनी २. आणि सत्तावीस दिवसांनी? फक्त १! चौसष्टातला एक. एवढ्याशा ढालीमागे कोण लपणार? आणि पाचव्या आठवड्यात तर तोही उरला नव्हता म्हणा ना. मानमोडी आली ती नेमकी तेव्हाच.

मागच्या बाकावरून एक हात वर आला. "बाई, मग पहिल्याच दिवशी लस दिली तर? ढाल पण राहील, लस पण होईल."

काय सुंदर प्रश्न! मी हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला होता. ऐका त्याचं उत्तर.

या लशीत मवाळ केलेला विषाणू असतो. तो रोग आणत नाही. तो फक्त शरीराची तालीम घेतो. 'चोर असा दिसतो, असा पकडायचा,' हे शिकवतो. पण दारात आईचा राखणदार उभा आहे. त्याला काय ठाऊक, हा खरा चोर की तालमीतला? तो दोघांनाही दारातच धरतो. मग तालीम होणार कशी? म्हणजे आईची ढाल भरपूर असते तेव्हा लस नीट लागू पडत नाही, आणि ढाल संपेपर्यंत थांबावं तर रोग टपलेला.

शिवाय सगळ्या पिलांची शिदोरी सारखी नसते. ज्या कोंबडीनं रोग सोसला किंवा लस घेतली, तिची पिलं श्रीमंत. जिला काहीच भेटलं नाही, तिच्या पिलांचा डबा त्या बाबतीत रिकामा. बाहेरून बघून कोण ओळखणार? म्हणून पहिला थेंब पहिल्या आठवड्यातच देतात. ज्यांची ढाल कमी आहे त्यांना तो लगेच उपयोगी पडतो. मग चौथ्या आठवड्याच्या सुमारास, शिदोरी सरत आली की पुन्हा देतात. त्या वेळी बाकीच्यांची तालीम पक्की होते. पुढे मोठेपणी टोचायची लस आणखी वेगळी. एक थेंब चुकला म्हणून नऊ पिलं गेली, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे एकामागून एक सगळेच थेंब चुकले होते.

स्वतःची चूल

पिल्लू स्वतः प्रतिपिंडं बनवायला लागतं ते कसं? याची एक मजेदार हकिगत आहे.

पक्ष्याच्या शेपटीखाली, शेण बाहेर पडतं त्या जागेजवळ, एक लहानशी पिशवी असते. सोळाव्या शतकात इटलीतल्या पादुआ इथले शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांनी तिच्याबद्दल लिहून ठेवलं, म्हणून तिला 'फाब्रिसियसची पिशवी' म्हणतात. ती कशासाठी असते, हे साडेतीनशे वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं.

अमेरिकेत ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी हे कोडं सोडवायच्या मागे लागला होता. त्यानं काही कोंबड्यांची ही पिशवी लहानपणीच काढून टाकली. वाढीत काही फरक दिसेना. एके दिवशी टिमथी चँग या त्याच्या मित्राला वर्गात प्रयोग दाखवायला कोंबड्या हव्या होत्या. जंतू टोचले की रक्तात प्रतिपिंडं कशी तयार होतात, ते त्याला दाखवायचं होतं. ग्लिकनं आपल्याजवळच्या कोंबड्या दिल्या. प्रयोग साफ फसला! बऱ्याच कोंबड्यांत प्रतिपिंडं झालीच नाहीत. दोघांनी तपासून पाहिलं, तर फसलेल्या कोंबड्या पिशवी काढलेल्याच होत्या. म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी त्या पिशवीत शिकूनसवरून तयार होतात!

एका नामवंत मासिकानं त्यांचा लेख परत पाठवला. शेवटी १९५६ साली तो कोंबडीपालनाच्या मासिकात छापून आला आणि पुढे जगभर गाजला. आपल्या रक्तातही प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांना 'बी' पेशी म्हणतात. तो 'बी' या पिशवीच्या 'बर्सा' या नावातला. माणसाला अशी पिशवी नाही. आपल्या बी पेशी हाडांतल्या मज्जेत तयार होतात. पण नाव मात्र कोंबडीचं!

पाहा, तोही प्रयोग चुकलाच होता. पण त्यांनी चूक झाकली नाही. ती का झाली, ते शोधलं.

तीन आया

आता वर्गात सगळ्यांनाच बोलायचं होतं. एक मुलगी म्हणाली, "बाई, गाईच्या वासराला बलक कुठं असतो?"

नसतो. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच. ती असतात चिकात. गाय व्याल्यावर पहिलं दाट पिवळसर दूध येतं, तोच चीक. त्याचा खरवस आपल्याला किती आवडतो! पण पहिल्या काही तासांतला चीक वासराच्या पोटात जायलाच हवा, कारण त्यानंतर वासराचं आतडं ती प्रतिपिंडं रक्तात घेईनासं होतं. तेव्हा आधी वासरू, मग खरवस. हे घरी जरूर सांगा.

आणि आपलं काय? आपली आई आपल्याला प्रतिपिंडं देते ती जन्माच्या आधी, वारेतून. जन्मल्यावर अंगावरच्या दुधातून आणखी वेगळी प्रतिपिंडं मिळतात. बाळाला पहिले काही महिने या मायेचा मोठा आधार असतो. पण तीही शिदोरीच. हळूहळू सरणारी. म्हणून तर आपल्याकडे गोवराची लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधी आईची ढाल लशीच्या आड येऊ शकते. आणि एकदा देऊन थांबत नाहीत. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसऱ्यांदा देतात. पिल्लाचं आणि बाळाचं गणित किती सारखं आहे, पाहिलंत?

बलकातली चिठ्ठी

बलकाची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. अगदी अलीकडे त्यातून एक नवीन वस्तू सापडली आहे.

प्रथिन म्हणजे काय, हे आधी मनात आणा. अमिनो आम्लं नावाचे मणी ओवून केलेली लांबलचक माळ. त्या माळेचे छोटे तुकडे झाले की त्यांना पेप्टाइडं म्हणतात. कोंबडीच्या यकृतात एक मोठी माळ तयार होते. ती रक्तातून बलकात येते आणि तिथं तिचे तुकडे होतात. त्यातले बरेचसे पिल्लाच्या जेवणाला लागतात.

पोलंड देशातल्या व्रोत्सवाफ शहरात शास्त्रज्ञ बलकातली प्रतिपिंडं वेगळी करून अभ्यासत होते. तेव्हा २०१२ च्या सुमारास त्यांना दिसलं, की प्रतिपिंडांना बिलगून काही लहान पेप्टाइडंही येतात. त्या गटाला त्यांनी 'योल्किन' नाव दिलं. प्रयोगशाळेत, बशीत ठेवलेल्या पेशींना ही पेप्टाइडं दिली, तेव्हा त्या पेशी रोगाशी लढताना एकमेकींना पाठवतात तसे निरोप पाठवू लागल्या. या निरोप्या पदार्थांना सायटोकाइन म्हणतात. म्हणजे प्रतिपिंडं ही तयार ढाल, तर ही पेप्टाइडं जणू चिठ्ठी. 'उठा, जागे व्हा, कामाला लागा!' असं सांगणारी.

हे ऐकून एक मुलगा टुणकन उठला. त्याचे काका तालमीत जातात आणि कच्ची अंडी फोडून पितात. म्हणाला, "बाई, मग रोज कच्चं अंडं प्यायलं की आपल्याला रोगच होणार नाही!"

थांबा! पुन्हा अर्धा धडा नको. एकदा पोळलेय मी.

योल्किनवरचं काम झालं आहे ते प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि प्राण्यांवर. शास्त्रज्ञ बलकातून तो पदार्थ वेगळा काढून, शुद्ध करून वापरतात. अंडं खाल्लं की आपलं पोट बलकातल्या बहुतेक माळा, ढाली, चिठ्ठ्या सगळ्यांचे मणी सुटे करतं. उकडताना प्रतिपिंडांचा आकार आधीच बिघडलेला असतो. तेव्हा अंड्यातून कोंबडीची रोगप्रतिकारशक्ती आपल्याला आयती मिळत नाही. मिळतात ते मणी. एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम प्रथिनं. त्या मण्यांतून आपलं शरीर स्वतःच्या माळा ओवतं, स्वतःची प्रतिपिंडंसुद्धा. हेही काही कमी नाही! ज्यांच्या घरी अंडं खात नाहीत, त्यांना हे मणी डाळी, दूध, शेंगदाणे यांतून मिळतात.

आणि कच्चं अंडं तर नकोच. त्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांनी उलट्या-जुलाब होतात. बलक घट्ट होईपर्यंत उकडा आणि मग खा.

दोन तारखा

तांबडी कोंबडी मानमोडीतून वाचली होती. काही महिन्यांनी ती पुन्हा खुडूक बसली. या वेळी दहा अंडी मांडली, आठ पिलं निघाली.

मी पडवीत गेले तर भिंतीवर कोळशानं दोन तारखा लिहिलेल्या दिसल्या. एक सातव्या दिवसाची, दुसरी अठ्ठाविसाव्या दिवसाची. अक्षर पिल्लूवाल्याचं. पहिल्या तारखेवर बरोबरची खूण झाली होती.

"पोरगं रोज भिताडाकडं बघतंय," आजी म्हणाली. "मला म्हनतंय, आज्जे, शिदोरी सरायच्या आत डॉक्टरला बोलवायचं."

दुसऱ्या तारखेवरही खूण झाली. ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. परत निघाले तेव्हा पिल्लूवाला दारापर्यंत आला आणि त्यानं विचारलं, "बाई, या वेळी सगळं सांगितलंत ना?"

मी म्हटलं, "मला कळलंय तेवढं सगळं. आणखी कळलं की आणखी सांगेन."

त्यानं जरा विचार केला आणि मान डोलावली.

करून पाहा

१. आईला विचारून एक अंडं बशीत फोडा. बलकावरचा पांढुरका ठिपका शोधा. बलकाच्या दोन बाजूंना पांढरे पीळ दिसतील. ते बलकाला मधोमध धरून ठेवतात. टरफलाच्या रुंद बाजूला आतून हवेची पोकळी दिसते का, पाहा. बघून झाल्यावर हात साबणानं धुवा.

२. कागदाची एक लांब पट्टी कापा. ती पिल्लाची शिदोरी. दर घडीला निम्मी करत जा आणि प्रत्येक घडीवर दिवस लिहा : साडेचार, नऊ, साडेतेरा… किती घड्यांनंतर पट्टी नखाएवढी होते?

३. घरी तुमचं लसीकरणाचं कार्ड असेल. आईबाबांबरोबर बसून ते वाचा. गोवराची लस कोणत्या तारखेला मिळाली, दुसरी कधी, ते शोधा.

आईबाबांसाठी दोन शब्द

धाकट्या भावंडाचं कार्ड काढाल तेव्हा एखादा रकाना रिकामा तर राहिला नाही ना, तेवढं पाहा. राहिला असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. चुकलेली लस पुढे कशी द्यायची, ते तिथं सांगतात. घरी कोंबड्या असतील, तर जनावरांच्या दवाखान्यातून लशीच्या तारखा लिहून आणा. रोगानं मेलेली पिलं उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा आणि मुलांना त्यांना हात लावू देऊ नका.

आणि मुलानं शाळेतून येऊन 'बाई असं म्हणाल्या' असं सांगितलं, की एकदा विचारा, "पुढे काय म्हणाल्या?" घंटा कधी कधी मध्येच होते!

बरं तर, दोस्तांनो, पुढच्या आठवड्यात भेटू.

तुमच्या बाई